चौरस फिरवला की शंकरपाळी

पुठ्ठ्याचा चौरस बाईंनी फळ्याला टेकवून धरला. "काय आहे हे?" दुसरीचा वर्ग एका आवाजात म्हणाला, "चौरस!" बाईंनी तोच पुठ्ठा हातातल्या हातात वळवला, एक टोक वर, एक खाली. "आणि आता?" जरा चुळबुळ झाली. मग खिडकीजवळची एक मुलगी म्हणाली, "शंकरपाळी." मागच्या पोरांनी "पतंग, पतंग" असा गिल्ला केला, पण बहुमत शंकरपाळीकडे गेलं, दिवाळी तोंडावर होती. "मग चौरस कुठं गेला?" बाईंनी विचारलं. पुढच्या रांगेतला एकजण उठला आणि तक्रारीच्या सुरात म्हणाला, "गेला की. तुम्हीच फिरवला न्हवं."

यंदाच्या अंकाचा विषय ‘आकार’ आहे, काहीतरी बघून लिहा, असं संपादकांनी सांगितलं तेव्हा आधी मूर्तिकार आठवले, कुंभार आठवले, मिरजेत तंबोऱ्यासाठी भोपळा पारखणारे कारागीर आठवले. ते विषय देखणे आहेत आणि त्यांच्यावर लिहूनही भरपूर झालं आहे. मला बघायचं होतं ते याच्या अलीकडचं. सहा ते अकरा वर्षांच्या मुलांना भूमिती शिकवतात म्हणजे नेमकं काय करतात? म्हणून सातारा आणि सांगली जिल्ह्यांतल्या जिल्हा परिषदेच्या काही शाळांमध्ये मागे सतरंजीवर जाऊन बसले. शिक्षकांची आणि गावांची नावं लिहायची नाहीत असं आधीच ठरलं होतं. त्यामुळे माणसं मोकळी बोलली, स्वतःविरुद्धही बोलली.

पायावर उभा त्रिकोण

त्या दुसरीच्या वर्गातल्या बाईंकडे पुठ्ठ्याच्या तुकड्यांचा एक डबा आहे. मधल्या सुट्टीत त्यांनी तो माझ्यासमोर तिसरीच्या चार मुलांपुढे पालथा केला आणि त्रिकोण तेवढे वेगळे काढायला सांगितले. तिन्ही बाजू सारख्या असलेला, आडव्या पायावर नीट बसलेला त्रिकोण सगळ्यांनी उचलला. टोक खाली असलेल्याला "उलटा त्रिकोण" म्हणून बाजूला ठेवलं. लांबट, बारीक त्रिकोणाला कुणी हातच लावला नाही. विचारल्यावर "तो काटा हाय" असं उत्तर आलं. काटकोन असलेला त्रिकोण "अर्धा तुटलेला" ठरला. आणि गंमत म्हणजे कोपरे गोल केलेला, बाजूंना फुगवटा असलेला एक तुकडा मुलांनी बिनदिक्कत त्रिकोणांच्या ढिगात टाकला. का? "तसाच दिसतोय की."

मुलांचं काही चुकलं असं मला वाटत नाही. त्यांना जे दाखवलं गेलं ते त्यांनी चोख पाठ केलं आहे. तक्त्यावरचा त्रिकोण, भिंतीवर रंगवलेला त्रिकोण, बाजारात मिळणाऱ्या अंकलिपीतला त्रिकोण, सगळे एकाच बैठकीत बसलेले असतात. आयत नेहमी आडवा, चौरस नेहमी सरळ, त्रिकोण नेहमी पायावर उभा. मूल त्या आकाराचा चेहरा ओळखायला शिकतं, आणि मान वाकडी केलेला चेहरा त्याला अनोळखी वाटतो.

नेदरलँड्समध्ये पिअर व्हॅन हिले आणि दीना व्हॅन हिले-गेल्डॉफ हे शिक्षक जोडपं याच कोड्यावर काम करत होतं. वर्गात आपण बोलतो ते मुलांना कळतच नाही, जणू दोघं वेगवेगळ्या मजल्यांवर उभे आहेत, हा त्यांचा रोजचा अनुभव. १९५७ मध्ये दोघांनी उट्रेख्ट विद्यापीठाला आपापले प्रबंध दिले. त्यानंतर थोड्याच काळात दीना वारल्या, आणि पुढची मांडणी पिअर यांनी केली. ती थोडक्यात अशी: मूल आधी आकार नुसता पाहून ओळखतं. मग त्याला गुणधर्म दिसू लागतात, की इथे चार बाजू आहेत, त्या सारख्या आहेत, कोपरे काटकोनी आहेत. त्यानंतर कधीतरी ते गुणधर्मांचं एकमेकांशी नातं जोडतं, आणि व्याख्या, सिद्धता हे सगळं त्याच्याही नंतर येतं. यातली महत्त्वाची गोष्ट पुढे आहे. एका पायरीवरून दुसरीवर मूल वय वाढलं म्हणून जात नाही. त्याला तसं काही करायला मिळालं तरच जातं. म्हणजे पुठ्ठा कुणी फिरवलाच नाही तर चाळिशीतही शंकरपाळी शंकरपाळीच राहते. (हा प्रयोग घरी करून बघायला हरकत नाही. मी दोन पदवीधरांवर केला.)

आपली पुस्तकं याबाबत अगदी रिकामी आहेत असंही नाही. पाचवीच्या ‘बालभारती’च्या गणितात कोन आहेत, वर्तुळ आहे, परिमिती-क्षेत्रफळ आहे, त्रिमितीय वस्तू आणि त्यांच्या घडणी आहेत, करून बघायच्या कृतीही आहेत. पण महाराष्ट्रात गणिताच्या पुस्तकावर वाद होतो तो संख्यांवरून. २०१९ मध्ये दुसरीच्या पुस्तकात एकवीसला ‘वीस एक’ म्हणायची सोय केली तेव्हा विधानसभेपर्यंत रान पेटलं, आणि गणित समितीच्या प्रमुख मंगला नारळीकर यांना दिवसेंदिवस खुलासे करावे लागले. त्याच पुस्तकांतल्या भूमितीबद्दल बरं किंवा वाईट कुणी चकार शब्द काढला नाही.

जमिनीवरचा रंग

सातारा जिल्ह्यात शाळांबद्दल बोलायचं आणि कुमठे बीटचं नाव घ्यायचं नाही, हे शक्य नाही. विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे यांनी या बीटमधल्या, म्हणजे देखरेखीसाठी एकत्र केलेल्या गटातल्या, जिल्हा परिषद शाळांमध्ये ज्ञानरचनावादी पद्धतीचं काम उभं केलं. मुलं जमिनीवर गटाने बसलेली, हातात खडे, काड्या, मण्यांच्या माळा, दहा-दहाचे गठ्ठे. शिक्षक फळ्यापाशी उभे न राहता मुलांमध्ये बसलेले. राज्यभरातून शिक्षक गाड्या करून हे बघायला आले. २२ जून २०१५ रोजी ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’चा शासन निर्णय निघाला, त्यामागे या कामाचा मोठा वाटा होता.

बघायला आलेल्यांनी काय नेलं? ज्यांनी पद्धत नेली त्यांचं चांगलं झालं. पण पुष्कळांनी फोटो काढून नेले, आणि फोटोत सगळ्यात ठळक दिसत होती ती रंगवलेली जमीन. मग गावोगावच्या शाळांत ऑइलपेंटचे डबे आले. लोकवर्गणी झाली, पेंटर बोलावले गेले, वर्गाच्या फरशीवर संख्यांच्या चौकटी आल्या आणि त्यांच्या शेजारी त्रिकोण, चौकोन, वर्तुळ, षटकोन आले. पायावर उभे, वर नाव लिहिलेले. भूमितीपुरतं बोलायचं तर ही जमीन मुलांना अडवते, असं मला हे वर्ग बघून वाटलं. पुठ्ठ्याचा त्रिकोण निदान फिरवता तरी येतो.

खटाव तालुक्यातल्या एका शाळेत मला याचं सुंदर उत्तर सापडलं. तिथल्या बाईंनी जुना रंग खरवडून काढला आणि पेंटरकडून नुसते ठिपके काढून घेतले. अर्ध्या वर्गात उभ्या-आडव्या सरळ रांगांचे, उरलेल्या अर्ध्यात एक रांग अर्धं अंतर सरकवून. हा दुसरा प्रकार रांगोळी काढणाऱ्या कुणालाही ठाऊक असतो: मधल्या ओळीत ११ ठिपके, वर-खाली एकेक कमी करत ६ पर्यंत. सगळे मिळून ९१ होतात, आणि कडेने सहा सारख्या बाजूंचा षटकोन आपोआप उभा राहतो. मुलं खडूने ठिपके जोडतात, बघतात, ओल्या फडक्याने पुसतात, पुन्हा जोडतात. आकार कुठलाच कायमचा नाही.

मी गेले त्या दिवशी चौथीला काम होतं: सरळ ठिपक्यांवर असा चौरस काढा ज्याची एकही बाजू सरळ रांगेतून जात नाही. बराच वेळ कुणाला जमेना. तिरकी रेघ निघे, पण कोपरा बरोबर होईना. मग एका मुलीने युक्ती काढली. दोन ठिपके उजवीकडे, एक वर. तिथून एक डावीकडे, दोन वर. मग दोन डावीकडे, एक खाली. चौथी बाजू पहिल्या ठिपक्याला बरोबर येऊन भिडली. "हे चौरस कशावरून?" बाईंनी विचारलं. मुलीने खिशातून दोनदा घडी घातलेला एक वर्तमानपत्राचा तुकडा काढला आणि चारही कोपऱ्यांत बसवून दाखवला.

तो तुकडा म्हणजे या वर्गाचा गुण्या, काटकोन तपासायचं हत्यार. कसाही फाटलेला कागद घ्या, एक घडी घाला, सरळ कड मिळाली. ती कड तिच्यावरच दुमडून दुसरी घडी घाला, काटकोन मिळाला. मद्रास इलाख्यात महसूल खात्यात नोकरी केलेल्या टी. सुंदर राव यांनी १८९३ मध्ये कागदाच्या घड्यांनी भूमिती शिकवणारं एक इंग्रजी पुस्तक लिहिलं. बालवाडीतल्या मुलांसाठीच्या फ्रोबेलच्या साहित्यात घड्यांचे कागद होते, तिथून त्यांना ते सुचलं होतं. फेलिक्स क्लाइनसारख्या जर्मन गणितज्ञाने त्याची दखल घेतली आणि १९०१ मध्ये ते शिकागोहून पुन्हा छापलं गेलं. खटावच्या बाईंना सुंदर राव माहीत नव्हते. घडीची युक्ती त्यांना एका प्रशिक्षणात मिळाली होती, "त्या दहा दिवसांतली तेवढीच उपयोगाची."

ढकलला की कलतो

तीन काड्या टोकांना जोडल्या की त्रिकोण होतो, चार जोडल्या की चौकोन. दोन्ही हातात देऊन मुलांना कोपऱ्यावर दाबायला सांगायचं. त्रिकोण हलत नाही. चौकोन एका बाजूला कलतो, आणखी दाबला तर चपटा होतो. १९७८ मध्ये टेल्कोतून रजा घेऊन होशंगाबादच्या विज्ञान-शिक्षण कार्यक्रमात गेलेले अरविंद गुप्ता यांनी आगपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व ट्यूबचे तुकडे जोडून हा खेळ देशभर नेला. पुढे पुण्यात ‘आयुका’च्या मुक्तांगणमध्ये त्यांनी शेकडो शिक्षकांना तो शिकवला.

आता व्हॉल्व ट्यूब सहजी मिळत नाही. जत तालुक्यातल्या एका द्विशिक्षकी शाळेतल्या सरांनी त्यावर कडब्याचं ताट वापरलं. शाळवाचं वाळलेलं ताट सोललं की वरची साल काडीसारखी टणक निघते आणि आतलं भेंड मऊ असतं. भेंडाचा तुकडा म्हणजे सांधा, साल म्हणजे बाजू. ही मुलं पिढ्यान्‌पिढ्या याच सामानाच्या बैलगाड्या आणि चष्मे करत आली आहेत. हत्यार त्यांच्या हातात होतंच. खर्च शून्य. एकच अडचण, शाळेच्या दारात बांधलेल्या शेळ्या साहित्य खातात.

या वर्गात मला आवडलं ते खेळानंतरचं. सरांनी विचारलं, "चौकोन कलू नये म्हणून काय कराल?" एकाने सांधे जास्त घट्ट केले, तरी कललाच. दुसऱ्याने मध्ये उभी काडी टाकली. तीही बरोबरीने कलली. तिसऱ्या गटाने कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत तिरकी साल खोचली आणि चौकोन जागच्या जागी थांबला. "आता किती त्रिकोण झाले?" "दोन." त्यानंतर सर काहीच बोलले नाहीत, नुसती मान वर केली. वर्गाची मान वर गेली. कौलांखालच्या लाकडी कैचीत तिरके दांडे होते, आणि पाहतापाहता पोरांनी त्यातले त्रिकोण मोजायला सुरुवात केली. शाळेच्या फाटकाला तिरकी पट्टी का मारतात, हा प्रश्न घरी जाताना एकाने स्वतःहून विचारला. हे सगळं पुस्तकात नाही आणि चाचणीतही येणार नाही, असं सर नंतर म्हणाले. मग थोडं थांबून म्हणाले, "पण चौकोन म्हणजे नुसत्या चार बाजू न्हाईत, एवढं कळलं त्यांना."

गुण्यात

सांगली शहराच्या कडेला, विश्रामबागेच्या पलीकडे, एका शाळेसमोर घराची आखणी चालू होती. पाचवीचे सर वर्गाला घेऊन रस्ता ओलांडून गेले, कारण काम करणारे गवंडी त्यांच्याच वर्गातल्या एका मुलाचे वडील. आधी बोलून ठेवलं होतं, पण गवंडीभाऊंना ही शिकवणी वगैरे आहे याची फारशी पर्वा नव्हती. ते कामात होते. मुलं बघत उभी राहिली.

एका खुंटीपासून त्यांनी दोरी ताणली आणि तीन फुटांवर खूण केली. त्याच खुंटीपासून दुसऱ्या दिशेला चार फुटांवर दुसरी खूण. मग पोराच्या हातात टेपचं एक टोक दिलं. "हिकडं तीन, तिकडं चार, आन् मधी पाच आलं की कोपरा गुण्यात. न्हाई आलं तर ती दोरी सरकवायची." पाचला दोन बोटं कमी पडत होती, दोरी सरकली, पाच झाले. लोखंडी गुण्या शेजारीच पडला होता. तो का नाही वापरत, असं सरांनी विचारलं. "त्यो दीड फुटाचा. घर तीस फुटाचं. हितली सुताएवढी चूक तितं वीतभर हुती. म्हणून मोठं धरायचं, सहा-आठ-धा धरलं तर आणि बरं." पायथागोरसचं नाव या मुलांना सातवीत भेटेल. मोठ्या मापाने चूक का कमी होते हे कुठल्याही इयत्तेत भेटणार नाही.

चारही खुंट्या लागल्यावर भाऊंनी समोरासमोरच्या कोपऱ्यांमधलं तिरकं माप घेतलं, आधी एक, मग दुसरं. वर्गातली एक मुलगी न राहवून म्हणाली, "चारी बाजू बरोबर हायत की. मग तिरकं कशाला?" यावर त्यांनी पहिल्यांदा काम थांबवलं. "बाजू बरोबर असून घर कलतं, बाळ." दोन खुंट्या एकाच बाजूला वीतभर सरकवून त्यांनी दाखवलं. समोरासमोरच्या बाजू तेवढ्याच, पण एक तिरकं माप वाढलं, दुसरं घटलं. खुंट्या पुन्हा जागेवर आल्या, दोन्ही मापं सारखी झाली, आणि फक्की पडली.

आयताची इतकी चांगली व्याख्या मी शाळेत ऐकली नव्हती. समोरासमोरच्या बाजू सारख्या आणि दोन्ही कर्ण सारखे, मग तो आयत, दिसायला कसाही असो. तिला दिसण्याशी काही देणंघेणं नाही. आणि या तपासणीत चौरसही आयत म्हणून बिनशर्त पास होतो. हे शेवटचं वाक्य लक्षात ठेवावं, त्यावरून पुढे भांडण आहे.

लांब हात, मोठा कोन

कोन हा प्राथमिक भूमितीतला सर्वांत अवघड पाठ असावा. फळ्यावर दोन कोन काढा. एकाच्या भुजा वीतभर, दुसऱ्याच्या हातभर, पण फाक सारखी. मोठा कोणता? वाई तालुक्यातल्या चौथीने एकमताने हातभर भुजांचा दाखवला. कोन ही रेघांची लांबी नसून वळण्याचं माप आहे, हे कागदावरच्या स्थिर चित्रातून कळणं कठीणच. त्यात कोनमापकावर आकड्यांच्या दोन ओळी, एक डावीकडून, एक उजवीकडून. ६० चा कोन १२० वाचणारी मुलं प्रत्येक वर्गात असतात. कोन काटकोनापेक्षा लहान दिसतोय तर उत्तर ९० च्या आत हवं, एवढा अंदाज ज्याला आहे ते मूल चुकत नाही. पण अंदाज हा मूल्यमापनाच्या तक्त्यात कुठे बसत नाही.

त्या शाळेतले सर कवायतीकडून आत शिरले. सातारा सैनिकांचा जिल्हा. देशातली पहिली सैनिक शाळा १९६१ मध्ये इथेच निघाली. ‘दाहिने मुड’ आणि ‘पीछे मुड’ लहान पोरांच्याही अंगात असतं. मैदानावर सर म्हणाले, "दाहिने मुड." किती वळलात? एक काटकोन. "पीछे मुड." दोन. "आता अर्धा दाहिने मुड." इथे पोरं अडखळली, हसली, एकमेकांकडे बघत अदमासाने वळली. मग फक्कीने आठ बाजूंची मोठी आकृती आखली. साताऱ्याजवळ लिंब गावी बारा मोटांची विहीर आहे, १७१९ ते १७२४ या काळात वीरूबाई भोसले यांनी बांधलेली, सुमारे ११० फूट खोल, अष्टकोनी. मुलांनी ती सहलीत पाहिली होती. विहिरीच्या कडेने मुलांना फिरवण्याची छाती कुठल्याच शिक्षकाला होणार नाही, म्हणून मैदानावरची ही फक्कीची विहीर.

एकेकाने कडेने चालायचं, प्रत्येक कोपऱ्यावर किती वळलो ते मोठ्याने सांगायचं. "अर्धा… अर्धा… अर्धा…" आठ अर्धे, चार काटकोन, म्हणजे बरोबर एक पूर्ण गिरकी, आणि तोंड पुन्हा सुरुवातीच्या दिशेला. मग सरांनी वेडावाकडा पाचकोनी आकार आखला. कोपरे लहानमोठे, तरी गिरकी एकच. त्रिकोण? तीच. एक मुलगा ठामपणे म्हणाला, "सर, घरी परत यायचं तर एक गिरकी लागतीच." अमेरिकेत सीमूर पॅपर्ट यांनी संगणकाच्या पडद्यावर कासव चालवून मुलांना भूमिती शिकवायला घेतली, तिच्या मुळाशी हीच कल्पना होती. कासवाला कसं वळायचं ते कळत नसेल तर स्वतः चालून बघा, असं ते मुलांना सांगत.

एक गुंठा, किती तार

वाळवा तालुक्यातल्या पोरांना चौरस फूट शिकवावा लागतो, गुंठा शिकवावा लागत नाही. ३३ फूट गुणिले ३३ फूट, १,०८९ चौरस फूट. असे ४० झाले की एकर. जमीनमोजणीची जुनी साखळीही ३३ फुटांचीच. घरात रोज ऐकलेली मापं आहेत ही. तरीही परीक्षेत परिमितीच्या जागी क्षेत्रफळ आणि क्षेत्रफळाच्या जागी परिमिती येतेच, कारण दोन्ही सूत्रांत लांबी-रुंदीच असते आणि सूत्रं एका आठवड्यात लागोपाठ पाठ झालेली असतात.

एका बाईंनी सूत्राला हात न लावता प्रश्न टाकला: एक गुंठ्याला कुंपण घालायचं तर तार किती लागेल? चौरस गुंठ्याला १३२ फूट. मग त्यांनी दुसरा गुंठा काढला, ११ फूट रुंद आणि ९९ फूट लांब. गुणाकार पुन्हा १,०८९. पण तार? २२० फूट. वर्गात खळबळ उडाली. रान तेवढंच आणि तार इतकी जास्त कशी? दोघातिघांनी बेरीज पुन्हा करून बघितली. एका मुलाचा चेहरा मात्र उजळला. त्यांच्या घरात नुकतीच वाटणी झाली होती. रस्ता आणि विहीर प्रत्येक भावाला हवी म्हणून रानाच्या लांबलचक पट्ट्या पडल्या होत्या, आणि आजोबा सारखे म्हणत होते की निम्मं रान बांधातच चाललंय. आजोबांचं गणित अतिशयोक्तीचं होतं, पण दिशा बरोबर होती, हे त्या दिवशी वर्गात सिद्ध झालं.

टिकेची चौकट

एवढं वाचून या दोन जिल्ह्यांत भूमितीचा सुकाळ आहे असं वाटेल. तसं नाही. मी जे लिहिलं ते वेचक आहे. बहुतेक ठिकाणी भूमितीचा पाठ आकृती काढा, नाव लिहा, पुढे चला, एवढ्यात उरकतो. वाचनाबाबत इथे परंपरा आहे. फलटणला मॅक्सीन बर्नसन यांनी उभ्या केलेल्या प्रगत शिक्षण संस्थेत मुलं वाचायला कशी शिकतात यावर अनेक वर्षं बारकाईने काम झालं आहे. भूमितीला असं कुणी लाभलं नाही. एक कारण शिक्षक सरळ सांगतात: बेरीज अडली तर पुढचं सगळं अडतं, त्रिकोण राहिला तर काही अडत नाही. दुसरं कारण मोजमापाचं. २००५ पासून ‘प्रथम’च्या पुढाकाराने होणाऱ्या ‘असर’ पाहणीत गणित म्हणून अंकओळख, वजाबाकी, भागाकार तपासतात. वर्तमानपत्रात येतं तेच. आकार ओळखता येत नाहीत म्हणून कुठल्या जिल्ह्याची कधी बदनामी झालेली नाही.

भूमितीला भाव मिळतो तो शिष्यवृत्तीच्या परीक्षेत, आणि तिथे तिचं वेगळंच काही होतं. ‘आकृतीत एकूण त्रिकोण किती?’ हा नेहमीचा प्रश्न. मोठा त्रिकोण, वरच्या टोकापासून पायापर्यंत तीन रेघा, म्हणजे खाली चार भाग. शिक्षक सांगतात, खाली १, २, ३, ४ लिहा आणि बेरीज करा: १०. उत्तर बरोबर येतं, दहा सेकंदांत येतं. का येतं हे विचारलं तर वर्गच्या वर्ग गप्प. तासगावकडच्या एका सरांनी मात्र युक्ती सांगून झाल्यावर एकच प्रश्न वाढवला होता: एक त्रिकोण तयार व्हायला वरून येणाऱ्या किती रेघा लागतात? दोन. मग पाच रेघांतून दोनदोनच्या जोड्या किती? मुलांनी जोड्या लिहून काढल्या, दहा झाल्या. या एका प्रश्नाला पाऊण तास गेला. शिष्यवृत्तीच्या सराववर्गात पाऊण तास म्हणजे काय हे तिथल्या पालकांनाच विचारावं.

शेवटी मी बसले होते एका केंद्राच्या शिक्षण परिषदेत. महिन्यातून एकदा केंद्रातल्या शाळांचे शिक्षक जमतात, सूचना होतात, चहा होतो. त्या दिवशी घटक चाचणीच्या चौथीच्या पेपरवरून वाद निघाला. प्रश्न होता, ‘खालीलपैकी आयत ओळखून चौकटीत टिक करा.’ चार आकृत्या, त्यात एक आयत, एक चौरस. एका शाळेतल्या काही मुलांनी दोन्हींवर टिक केली होती. उत्तरसूचीप्रमाणे चूक. त्या शाळेच्या बाई म्हणाल्या, मुलं बरोबर आहेत, चौरस हाही आयतच. समोरचे एक ज्येष्ठ गुरुजी चिडले. "मग दोन नावं कशाला शिकवायची? उद्या वर्तुळही आयत म्हणतील." बाईंनी फळ्यावर आयताचे गुणधर्म लिहिले, समोरासमोरच्या बाजू सारख्या, चारही कोन काटकोन, आणि विचारलं यातला कुठला चौरसात बसत नाही. बसत नाही असा एकही निघाला नाही. गुरुजी म्हणाले, "ते खरं, पण पोरांना गोंधळात टाकू नये." कुणीतरी म्हणालं, गोंधळ पोरांचा दिसत नाही, आपलाच दिसतोय. हशा झाला, गुरुजीही हसले.

केंद्रप्रमुखांनी निवाडा दिला: दोन्हींवर टिक असेल तरी पूर्ण गुण द्या. बाई म्हणाल्या, "कारण सांगता आलं तरच द्या सर, नाहीतर तेही पाठ होईल." यावर मागच्या रांगेतून एकजण म्हणाले, "कारण कुठं लिहायचं हो बाई पोरांनी? पेपरात टिकेपुरती चौकट दिलीय." पुढच्या पेपरात प्रत्येक आकृतीखाली दोन ओळी रिकाम्या सोडायच्या, असं इतिवृत्तात लिहिलं गेलं. त्याने पेपरचं एक पान वाढतंय, झेरॉक्सचा खर्च कुठल्या निधीतून करायचा, यावर मी निघाले तेव्हा चर्चा चालू होती.